दुसऱ्या ठरावाची दवंडी

(सन १८८७. कल्याणहून खाडीच्या वाटेनं तासाभरावरचं एक मिठागरांचं गाव. शाळेची कौलारू खोली, दुपारची वेळ. त्र्यंबक मास्तरांनी गावच्या दवंडीवाल्याला, धोंडीबाला, मारहाणीतून ओढून नुकतंच आत आणलं आहे. शाळेला जमावाचा वेढा. राघो बाहेर आहे.)

मास्तर : दाराला आडणा बसला. तू खिडकीसमोरून हो बाजूला, धोंडीबा. इकडे, भिंतीशी ये. अरे, रक्त किती वाहतंय!

धोंडीबा : डोक्याचं राहू द्या. डोक्याचं रक्त दिसायला फार, दुखायला थोडं. हात बघा माझा. उजवा. असा लोंबतोय की माझा वाटत नाय.

मास्तर : मनगट मोडलंय. हलवू नकोस. थांब, उपरणं फाडतो.

धोंडीबा : मास्तर, शिवाल.

मास्तर : चौकातून तुला काखेत धरून ओढत आणला, तेव्हा काय सोवळ्यात होतो? हात पुढे कर. ही आखणीची पट्टी खाली धरतो नि वरून आवळतो. दुखेल.

धोंडीबा : आय गं... मेलो! हळू, मास्तर, हळू!

मास्तर : ओरड. ओरडलास तरी चालेल.

धोंडीबा : तीस वर्षं ओरडतोच हाय गावासाठी. आज गावानं घसाच दाबला.

मास्तर : झालं, गाठ मारली. आता सांग, सुरुवात कुठून झाली?

धोंडीबा : पयली दवंडी पारापाशी दिली. कोण काय बोललं नाय. दुसरी विहिरीपाशी. बायका भरल्या घागरी तशाच टाकून घरात गेल्या. तितंच मला कळाया हवं होतं. पण दवंडी तीन जागी द्यायची म्हंजे द्यायची. चौकात गेलो. ‘ऐका हो ऐका, शाळा-कमिटीचा ठराव,’ एवढंच तोंडातून निघालं आणि धोंडा आला, कानावर. मग काठ्या. एकानं डफात पाय घातला. आज्याच्या वेळचा डफ होता तो. मी पडलो, तर पडल्यावर जास्त मारलं. उभ्याला मारताना मानूस थोडा तरी लाजतो.

मास्तर : आणि हात?

धोंडीबा : हातावर वल्हं घातलं राघोनं. दोनदा. पयल्यांदा नेम चुकला म्हणून दुसऱ्यांदा.

मास्तर : राघो? आपल्या कमिटीवरचा, आगऱ्यांच्या पंचातला राघो?

धोंडीबा : तोच. कमिटीवर हाय म्हणून तर जोर. चौकात छाती ठोकून बोलला, ‘मी कमिटीत बसतो, असला ठराव झालाच नाय. धोंड्या आपल्या पोरासाठी मनचं ओरडतोय.’ मग काय, लोकांना तेवढंच पायजे होतं. आमची महारवाड्याची सात पोरं पडवी सोडून शाळेच्या आत बसनार, हे ऐकून आधीच त्यांच्या पायाखाली विस्तव. वरून कमिटीचा मानूसच म्हणतोय खोटं.

मास्तर : वाक! खाली वाक!

धोंडीबा : कौल फुटलं. लागलं का तुम्हाला?

मास्तर : नाही. खापरी उडाली नुसती. गॅब्रिएल सुताराला होडीनं कल्याणला धाडलंय, फौजदाराला आणायला. भरती लागली की पोचेल.

धोंडीबा : भरती दिवस कलल्यावर. तोवर?

मास्तर : तोवर हे दार आहे. गॅब्रिएलनंच केलंय. अस्सल सागवान.

धोंडीबा : दार सागवानी, भिंत कुडाची. असं हाय आपलं सगळं.

राघो : मास्तर! ओ मास्तर! त्या धोंड्याला बाहेर काढा. तुमच्याशी आमचं भांडान नाय. तुमी बामन मानूस, घरी जा, जेवा, झोपा. तो आमचा हाय.

मास्तर : राघोबा, ही सरकारी शाळा आहे! फौजदाराला निरोप गेलाय!

राघो : फौजदार येल तवा येल! धोंड्या, ऐकतंस ना? बाहेर ये, चौकात उभा ऱ्हा, आनि गावासमोर बोल, मी खोटा ओरडलू. कमिटीनं असा काय ठरवला नाय. एवढा बोल आनि जा घरी, तुना कोन हात नाय लावायचा. नायतर दिवस बुराच्या आत तुना शालेसकट जालू. पेंढा आनलाय गारीभर!

धोंडीबा : ऐकलंत? गाडीभर पेंढा. म्हंजे धमकी नाय, तयारी हाय.

मास्तर : देवा रे.

धोंडीबा : मास्तर, एक इचारतो. रागावू नका. हात मोडलेला मानूस हाय, खरं सांगा. ठराव झाला होता ना?

मास्तर : झाला होता. ही बघ वही. माझ्या हातचा लिहिलेला आहे. गेल्या शनिवारी. दुसरा ठराव.

धोंडीबा : मला वाचता येत असतं तर मी डफ कशाला बडवला असता? खाली सह्या कुणाच्या ते सांगा.

मास्तर : दोघांच्या सह्या. तिघांना लिहिता येत नाही, त्यांच्या निशाण्या.

धोंडीबा : दाखवा. निशानी मला कळते. हा... हा नांगर हाय.

मास्तर : हो.

धोंडीबा : दांडी वाकडी हाय त्याची. गावात वाकड्या दांडीचा नांगर एकाचाच. जमिनीच्या कागदावर बी तो असाच काढतो. मास्तर, हा राघोचा हाय!

मास्तर : राघोचाच.

धोंडीबा : मग त्यानं निशानी केली आणि त्यानंच माझा हात मोडला? त्याला वेड लागलंय का मला?

मास्तर : त्याला... त्याला ठाऊक नव्हतं, धोंडीबा.

धोंडीबा : काय ठाऊक नव्हतं?

मास्तर : कशावर निशाणी करतोय ते. त्या दिवशी ती मंडळी आली होती पहिल्या ठरावासाठी. मिठागराच्या हंगामात पोरांना दुपारी सुट्टी पाहिजे होती त्यांना, मीठ ओढायला. तो ठराव झाला. सगळे खूश. पान-सुपारी सुरू झाली. तेवढ्यात मी दुसरा वाचला.

धोंडीबा : कसा वाचला? वाचून दाखवा. तस्साच.

मास्तर : आता कशाला ते?

धोंडीबा : वाचा.

मास्तर : ‘शिक्षणखात्याच्या प्रचलित नियमान्वये सदरहू शाळेत दाखल असलेल्या यच्चयावत् जातींच्या विद्यार्थ्यांस इमारतीच्या अंतर्भागी बसण्यास कोणतीही हरकत अगर मज्जाव नसावा.’

धोंडीबा : हं. मला बी नाय कळला. आणि मी तीस वर्षं सरकारी हुकूम ओरडतोय.

मास्तर : कुणी विचारलं नाही. ‘काय ते सरकारी असंल’ म्हणाले नि निशाण्या केल्या. ठाण्याहून शाळा तपासायला डिपोटीसाहेब आले होते तेव्हा त्यांनी शेऱ्यात लिहिलं होतं, मुलं पडवीत बसतात हे बरं नव्हे. मला वाटलं, सरळ विचारलं तर शंभर वर्षं कुणी हो म्हणणार नाही. म्हणून...

धोंडीबा : म्हणून त्यांना फशिवलंत. आणि मला सांगताना मात्र सोपं करून सांगितलंत. ‘धोंडीबा, उद्यापासून सगळी पोरं आत बसनार, जा, दे दवंडी.’ मी नाचत गेलो की हो! बायकोला बोललो, आपल्या पोराला, पोपटाला, धुतलेला सदरा घाल. वाव्वा मास्तर! ठराव तुमचा, चलाखी तुमची, आणि मार माझा. वड्याचं तेल वांग्यावर!

मास्तर : तुझ्यासाठीच केलं ते! तुमच्या पोरांसाठी!

धोंडीबा : माझ्यासाठी केलंत तर चौकात माझ्या बाजूला का नाय उभे राहिलात? मला एकट्याला का धाडलंत?

मास्तर : ...भ्यालो. आता म्हणतोस तर सांगतो. भ्यालो मी.

धोंडीबा : ते कळलं. भ्यायला पैसे पडत नाहीत.

राघो : मास्तर. मास्तर, मागच्या खिरकीशी या. एकटं या. हलू बोला.

मास्तर : मागे आलाय तो. एकटाच आहे.

धोंडीबा : जा. ऐका काय म्हणतो. मी इथं खांबामागं हाय.

मास्तर : बोला, राघोबा.

राघो : ती वही कुठं हाय?

मास्तर : का?

राघो : त्यातला ता पान मना द्या. निशान्या हायेत ता. मना आज सकाली समजला त्यात काय लिवलाय. सावकाराचा कारकून हसून बोलला, ‘राघोबा, तुमी तर मोठे सुधारक झालात.’ माझ्या पायाखालची जमीन गेली. मास्तर, बाहेर माझ्या जातीची चालीस मानसां हायेत. त्यांना ठावं नाय माझा नांगर त्यात हाय. ठावं झाला तर मना वालीत टाकतील. माझ्या पोरीचा लगीन ठरलाय वैशाखात. पान द्या. मी त्यांना घेऊन जातू. आयचान.

मास्तर : आणि धोंडीबा?

राघो : त्यानं खोटा ओरडलू बोलायचा. त्याशिवाय लोक नाय हलायची. पान नाय, आनि धोंड्या खोटा, म्हंजे ठरावच नाय. सगली सुटली. तुमी बी.

मास्तर : मी... मी विचारतो त्याला. दोन पळं थांबा. धोंडीबा, ऐकलंस? फाडू का पान? अरे, जीव तर वाचेल. ठराव काय, पुन्हा करू. पुढच्या वर्षी करू.

धोंडीबा : पुढच्या वर्षी कोन ओरडंल तो?

मास्तर : तूच.

धोंडीबा : नाय, मास्तर. एकदा मी चौकात खोटा ठरलो की माझा घसा गेला. तुम्ही दुसऱ्या गावचे, तुम्हाला नाय कळायचं. खाडीला उधाण येतं, बांध फुटायला लागतो, तेव्हा मी ओरडत सुटतो आणि अख्खं गाव पोरंबाळं उचलून टेकडीवर जातं. कोन इचारत नाय, धोंड्या, खरं का खोटं? तेवढाच माझा मान हाय ह्या गावात. दुसरा नाय. तो बी गेला तर पुढच्या उधाणाला लोक घरात बसून बुडतील.

मास्तर : पण आज जाळतील त्याचं काय?

धोंडीबा : आणि दुसरं सांगू? दुष्काळाच्या साली तळ्याला महारवाड्यानं हात लावायचा नाय, ही दवंडी कुणी दिली? मी. आमच्याच वाड्यात, माझ्याच दारापुढं उभं राहून दिली. बायको रिकामं मडकं घेऊन ऐकत होती. चार दिवस बोलली नाय माझ्याशी. तेव्हा ह्यांच्यातला कोन बोलला का, धोंड्या मनचं ओरडतोय? तेव्हा माझा शब्द सोन्याचा. आणि आज माझ्या पोराच्या बाजूचं चार शब्द काय आलं तोंडात, तर खोटा? नाय बोलनार. मारा, जाळा. खोटं बोललो असं मी नाय बोलनार.

राघो : काय ठरला, मास्तर? लवकर!

मास्तर : राघोबा, पान मिळणार नाही! उलट ऐका. आत्ताच्या आत्ता माणसं घेऊन निघून जा, नाहीतर पुढच्या खिडकीत उभा राहून तुमच्या निशाणीचं मी सगळ्यांना सांगेन!

धोंडीबा : अहो मास्तर! हे काय बोलता? दवंडी म्हंजे धमकी नव्हे!

राघो : असा? असा बोलतंस, भटा? थांब. वहीच नाय ऱ्हायली तर काय दाखवशील? अरे ए! पेंढा आना रे! पडवीला लावा! चेतवा!

धोंडीबा : घ्या. गेला हातचा. पडवी माडाच्या झापांची हाय, मास्तर. क्षणात भडकंल.

मास्तर : धूर! धूर आला आत!

धोंडीबा : पेटवली. आमच्या पोरांची बसायची जागा पेटवली. बरं झालं, आता बाहेर बसवायचं म्हटलं तरी जागा नाय. ती घागर भरलेली हाय का?

मास्तर : हो, पण ती पोरांची प्यायची...

धोंडीबा : प्यायला पोरं तर जगली पायजेत! सरका. डाव्या हातानं ओततो. खिडकीच्या चौकटीवर आधी... हा. हा. अजून. रांजण बी आणा. मास्तर, आता तुम्ही पुढच्या खिडकीत जा.

मास्तर : मी? धोंडे मारतील!

धोंडीबा : मला मारलेच की. माझा घसा गेला, हात गेला, डफ फाटला. तुम्ही जा आणि ठराव सांगा. सरकारी भाषेत नाय. माझ्या भाषेत. लोकांना काय ठरलं ते तरी कळू दे. ज्याच्यासाठी मारतायत ते निदान समजून मारू देत.

मास्तर : माझे पाय कापतायत, धोंडीबा.

धोंडीबा : पायांनी नाय सांगायचं. तोंडानं सांगा. जा! कुडाला धग लागली, मला पानी ओतायचंय!

मास्तर : ऐका! ऐका हो... ऐका! मी त्र्यंबक मास्तर बोलतोय! धोंडीबा खोटं बोलला नाही! ठराव झालाय! शाळेत सगळ्या जातींची पोरं आत बसतील! पडवीत कुणी बसायचं नाही, खिडकीखाली कुणी बसायचं नाही! आई... लागला. कपाळाला लागला.

धोंडीबा : बोला! थांबू नका! थांबलात तर दुसरा येतो!

मास्तर : ठराव झालाय! कमिटीनं केलाय! खोटं वाटत असेल तर वही बघा! ही बघा निशाणी! धाकू, तू ये पुढे, तू राघोचा चुलतभाऊ ना, तुला ओळखता येईल! हा वाकड्या दांडीचा नांगर कुणाचा आहे, सांग सगळ्यांना!

धोंडीबा : नाव कशाला घेतलंत! मास्तर! काय ठरलं ते सांगायचं, कोणी ठरवलं ते नाय सांगायचं!

राघो : धाक्या, नको बघू! धाक्या, तो बामन खोटा बोलतंय! अरे, मना ठावं नव्हता! मना फशिवला रे! थांबा... ऐकून तर घ्या! धाक्या, भाऊ हास ना तू माझा!

मास्तर : थांबले. धोंडे थांबले, धोंडीबा. सगळे त्याच्याकडे वळलेत. धाकू त्याच्या अंगावर गेला. बापरे. बापरे, काठी घातली त्यानं. डोक्यात घातली.

धोंडीबा : पडवी गेली, आग विझली. कुड काळा झाला, पण उभा हाय. किती जण हायेत त्याच्यावर?

मास्तर : सगळेच. ज्याचं पाऊल पोचतंय तो लाथ घालतोय. अरे, मरेल तो!

राघो : दार उघरा! मास्तर! धोंडीबा! दार उघरा रे, मना मारतील ही! आई गं! उघरा!

धोंडीबा : ऐकलंत? आज पयल्यांदा मला धोंड्या नाय, धोंडीबा बोलला.

मास्तर : उघडू नकोस! त्याच्यामागून सगळे आत घुसतील! त्यानंच तुझा हात मोडला, त्यानंच आग लावली. हात दाखवून अवलक्षण कशाला? भोगू दे त्याला.

धोंडीबा : त्यानं माझा हात मोडला, खरं. पण त्याचं डोकं तुम्ही फोडलंत आत्ता, वहीनं. आडणा धरा, मला एका हातानं निघत नाय.

मास्तर : धोंडीबा!

धोंडीबा : धरा म्हणतो ना! वर उचला. हा. मी फट पाडतो, तुम्ही काखेत धरून ओढा, मला ओढलंत तसं. आता! ओढा! पाय आत घ्या त्याचा, पाय! लावा. लावा आडणा!

मास्तर : लावला. जड आहे हा. शुद्ध हरपलीय. तोंडातून रक्त येतंय.

धोंडीबा : दातांचं हाय. उताना नको, कुशीवर करा. उपरण्याचं उरलेलं द्या इकडं. बाहेर बघा फटीतून, काय करतायत?

मास्तर : कुजबुजतायत. एक जण ओरडला, ‘मेला, मेला.’ धाकूनं काठी टाकली. पळाला! धाकू पळाला. अरे, सगळेच पांगतायत.

धोंडीबा : पळनारच. जाळायला चाळीस लागतात, फाशीला मात्र एकेकटं जावं लागतं.

मास्तर : कुणी नाही आता. काठ्या पडल्यात, पागोटी पडलीत. पेंढ्याची गाडी तशीच सोडून गेले. एक कुत्रं आहे फक्त.

धोंडीबा : मग बसा जरा. कपाळ पुसा, डोळ्यात येतंय.

मास्तर : धोंडीबा, मला माफ कर. दोनदा चुकलो मी. तुला पुढे केलं, नंतर ह्याला पुढे केलं. स्वतः शेवटपर्यंत मागेच.

धोंडीबा : आज खिडकीत उभे राहिलात. उशिरानं का होईना. आता गप्प बसा, हा हलतोय.

राघो : पानी... कोन हाय?

धोंडीबा : मी. धोंडीबा.

राघो : कुठं हाय मी?

धोंडीबा : शाळेत. आत. उठू नको, डोकं फुटलंय. टाके पडतील तीन-चार.

राघो : तू... तू मना शिवलास?

धोंडीबा : शिवलो. पायापासून डोक्यापर्यंत. तुझी मानसं तुला जास्त शिवली, पण ती काठीनं. पानी सगळं आगीवर ओतलं. तळाला घोटभर हाय. माझा हात लागलाय घागरीला. पायजे तर घे.

राघो : दे.

मास्तर : हळू. ठसका लागेल.

राघो : धाक्यानं मारला मना, मास्तर. माझ्या खांद्यावर वाढलाय तो. मी त्याला खाडीत पोवाला शिकिवला. सगल्यात पयली काठी त्याची.

मास्तर : राघोबा, चूक माझी होती. मी तुम्हाला समजेल असं वाचायला हवं होतं. फौजदारासमोर मी तसं लिहून देईन.

राघो : समजेल असा वाचला असतास तर मी निशानी केली नसती. मग काय झाला असता? काय नाय झाला असता. धोंडीबाचा हात ऱ्हायला असता, माझा डोका ऱ्हायला असता.

धोंडीबा : आणि पोरं पडवीत राहिली असती.

राघो : हं. ...माझी दोघां शालेत हायेत, मास्तर. मना आता वालीत टाकतील, उद्या पंच बसतील. विस्तव बंद, पानी बंद. माझ्या पोरांच्या बाजूला कोन पोर बसायचा नाय. बसला तर त्याचा बाप त्याला मारल. वालीत टाकलेल्याची पोरां कुठं बसतात, मास्तर? तुमच्या त्या ठरावात काय लिवलाय का?

मास्तर : ठरावात... ठरावात एवढंच आहे, राघोबा, सगळ्या जातींची. ज्याला जातीनंच टाकलं त्याचं मी लिहिलं नाही. मला सुचलं नाही.

राघो : म्हंजे बाहेर.

धोंडीबा : बाहेर कुठं? पडवी तू जाळलीस की.

राघो : धोंडीबा, तू मना बोल काय बोलायचा ता. शिव्या घाल. तुझा हक हाय.

धोंडीबा : शिव्यांनी हाड जुळत नाय. एक सांगतो, नीट ऐक. फौजदार आला की तो इचारंल, हात कुणी मोडला. मी खोटं बोलत नाय, तुला ठाऊक हाय. तुझं नाव सांगनार. वल्हं दोनदा घातलं, ते बी सांगनार.

राघो : सांग.

धोंडीबा : आगीचं बी सांगनार.

राघो : सांग की. आनि पोरांचा?

धोंडीबा : पोरांचं वेगळं. माझा पोपट उद्या येनार हाय, हात मोडलेल्या बापाचं नाव घेऊन, धुतलेला सदरा घालून. त्याच्या दोन्ही बाजू मोकळ्याच असनार. शाळा सात वाजता भरते. धाड त्यांना.